मधला फ्यूज

लाइट गेलीय आणि धैर्या विहिरीवर आडवा झालाय. झोपलेला नाही बरं का, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर तो आम्हा सगळ्यांना हेच सांगत सुटला की मी झोपलो नव्हतो, नुसते डोळे मिटले होते. मोटारीच्या खोलीला लागून जांभळीचं झाड आहे, त्याच्या सावलीत खताची दोन रिकामी पोती अंथरलीत, त्यावर हा पाठीवर पडलाय, एक पाय दुसऱ्या पायावर, आणि वरचा पाय सारखा हलतोय. मार्चची दुपार. ऊन असं की विहिरीतलं कासव पण पायरीखाली गेलंय. लाइट आली की उठायचं, हातानं बटण दाबायचं, मोटार चालू करायची. नाही आली तर पडून राहायचं. पाच महिने हेच चाललंय.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, सगळेच लाइटची वाट बघतात. विशेष हे की धैर्याला इथं विहिरीवर येऊन वाट बघायची काहीच गरज नाही. त्याच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर आहे. त्यानंच बसवलेला, शेतीचा डिप्लोमा करून आला तेव्हा. पेटीत एक सिमकार्ड असतं, त्या नंबरला मिसकॉल मारायचा, मोटार चालू. परत मारायचा, बंद. माणूस सांगलीत असो नाहीतर सासुरवाडीला. अण्णांनी तेव्हा त्याची लई चेष्टा केलेली. अण्णा म्हणजे धैर्याचे थोरले चुलते, भूपाल चौगुले, ज्यांनी त्याला वाढवलं. मोटारीला मोबाईल घेतलास, आता म्हशीला पण एक घे, धार काढायची वेळ झाली की फोन करून बोलवत जाईल, असं ते गावभर सांगायचे. पण वापरायला लागले आणि नंतर तेच लोकांना थांबवून दाखवायचे, हे बघ, आमच्या धैर्यानं केलंय.

आणि तरी पाच महिने झाले धैर्यानं त्या नंबरला मिसकॉल मारलेला नाही. अण्णांची बायको, पद्माकाकू, विचारते तर सांगतो रेंज नसते, सिम खराब झालंय. रस्त्यापलीकडं वीस गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे, तिला रोज ठरल्या वेळेला थोडं थोडं पाणी लागतं, आणि याचं पाणी कधी सकाळी, कधी संध्याकाळी, कधी खाडाच. मिरचीला ते कळतं. फळ वरनं चकाचक आणि बुड काळं. काल तोडणीत शंभर किलोतली तीस किलो बाजूला टाकावी लागली. काकू टाकलेल्या ढिगाकडं बघत राहिली. तिचं ते बघणंच याच्या डोक्यात फिरतंय. पाय हलतोय. जांभळीच्या पानातनं उन्हाचे तुकडे डोळ्यावर पडतायत, लाल, हिरवे, लाल, हिरवे, स्टार्टरच्या बटणांसारखे.

"सरक की जरा."

धैर्या सरकतो. पोत्यावर कुणीतरी बसतं, आणि पाण्याचा गार वास येतो, शेवाळाचा.

अण्णा बसलेत. अंगात फक्त बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत ओले. पायाच्या केसातनं पाणी ठिबकतंय, एकेक थेंब, अगदी ठिबकच्या नळीतनं पडावा तसा मोजून. धैर्याला काही नवल वाटत नाही. फक्त एक शंका येते, ती तो विचारून टाकतो.

"अण्णा, तुम्ही गेलाय ना?"

"गेलोय की. म्हणून काय बसायचं पण नाही?"

ते बरोबर आहे, असं धैर्याला वाटतं. तो उठून बसायला बघतो तर पोतं अंगाला चिकटलेलं असतं. अण्णा मिरचीचं विचारतात. हा सांगतो, ठीक आहे. अण्णा म्हणतात, मला शिकवू नकोस, चल दाखव, आणि चालायला लागतात. चालायची गरजच पडत नाही, कारण ते आधीच शेडनेटमध्ये आहेत. पण हे शेडनेट जरा उंच झालंय. प्रत्येक झाडाला बांधलेली सुतळी वर जाते, वर जाते, आणि छप्पर येतच नाही. सुतळ्यांना मिरच्या लागल्यात आणि अण्णा एकेका मिरचीचं बुड अंगठ्यानं दाबून बघतायत. दाबलं की टक आवाज होतो. लाल मिरची दाबली की लांब कुठंतरी काहीतरी बंद पडतं. हिरवी दाबली की चालू होतं.

"खाडा पडलाय पाण्याचा," अण्णा म्हणतात. "किती दिवसांचा?"

आता सांगू, असं धैर्या ठरवतो. हेच ते. पाच महिने घशात अडकलेलं. तो तोंड उघडतो, अण्णा, त्या दिवशी, एवढं म्हणतो, आणि मोटार चालू होते. कुठं आहे ते दिसत नाही, पण घरघर एवढी की स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. तो ओरडतो. अण्णा कानाला हात लावून, काय, काय, करतात. तो परत ओरडतो. तोंड मिटलं की मोटार बंद. उघडलं की चालू. असं चार वेळा होतं, आणि चौथ्या वेळी अण्णा कंटाळून निघून जातात, जसे ते नेहमी जायचे, बोलणाऱ्याला अर्ध्यात सोडून, हात मागं बांधून.

आता त्या दिवसाचं मी सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही याचं नेमकं काय अडकलंय.

ऑक्टोबरातली गोष्ट. धैर्या मिरचीच्या क्रेट घेऊन सांगलीला मार्केटात गेलेला. सौदा आटोपला, चहा घेतला, अकराला लाइट येते हे डोक्यात होतं, म्हणून सवयीनं मोटारीला मिसकॉल मारला आणि फोन खिशात टाकला. अर्ध्या तासानं गावातनं फोन, अण्णा विहिरीवर पडलेत. मोटारीच्या जाळीला शेवाळ धरलं होतं, ते काढत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. सगळ्यांनी ऐकलं, मान हलवली. धैर्यानं पण हलवली. पण त्याच्या डोक्यात एकच. आपण मिसकॉल मारला तेव्हा त्यांचा हात पाण्यातल्या मोटारीवर होता. मोटार जुनी, वायर कधी कधी चावायची, शॉक बसायचा.

यावर अण्णांचा एक नियम होता, तो त्यांच्या रानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला पाठ. मोटारीला हात लावायचा तर आधी पेटीतले तिन्ही फ्यूज उपसायचे. साबणाच्या वडीएवढे, चिनी मातीचे. दोन पेटीवर ठेवायचे आणि मधला आपल्या खिशात. लाइट नसली तरी. मग कुणी बटण दाबू दे नाहीतर फोन मारू दे, मोटार चालू होणारच नाही, कारण मधला फ्यूज तुमच्याजवळ. फ्यूज खिशात तर जीव खिशात, असं म्हणायचे. त्यामुळं धैर्याला आशा होती. दुसऱ्या दिवशी घरात माणसं जमलेली असताना यानं आतल्या खोलीत जाऊन अण्णांचा शर्ट शोधला, चौकटीचा, खिशावर निळ्या शाईचा डाग असलेला, विहिरीवरनं कुणीतरी आणून खुंटीला लावलेला. खिसा चाचपला. बडीशेपेची डबी निघाली. फ्यूज नव्हता.

बस. तिथनं पुढं यानं कुणाला काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. काकू त्या दिवसाचं बोलायला लागली की हा म्हशीला पाणी दाखवायला उठायचा. म्हशीला एवढं पाणी कधी कुणी दाखवलं नसेल.

तर आता तो अण्णांना शोधतोय. सुतळ्या बाजूला करत, बाजूला करत, आणि शेवटची सुतळी बाजूला केल्यावर मार्केट यार्ड. तेच, सांगलीचं, पण पत्रे इतके खाली आलेत की सगळे वाकून चाललेत. सौदा चाललाय. बोली तोंडानं नाही, मिसकॉलनं. सगळ्यांच्या हातातले फोन एकेक रिंग वाजून बंद होतात. मोठ्या तराजूवर मिरचीच्या क्रेटऐवजी अण्णा मांडी घालून बसलेत, ओल्या चड्डीनं, आणि आकडा शून्य दाखवतोय.

"बघ लेका," अण्णा खुशीत म्हणतात, "आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्यावर काटा मारता येईना."

धैर्याला हसू येतं. हसताना त्याच्या लक्षात येतं की तराजूमागच्या खांबाला खुंटी आहे आणि खुंटीला तो शर्ट आहे. चौकटीचा. खिशावर निळ्या शाईचा डाग, तोच. आजूबाजूला कुणी बघत नाही असं बघून तो हळूच जातो आणि खिशात हात घालतो.

बडीशेपेची डबी. ती बाहेर काढून ठेवतो. परत हात घालतो. एसटीचं तिकीट. दहावीचं स्वतःचं हॉलतिकीट, फोटोत तेल लावून केस चापून बसवलेले. मिरचीचं एक रोप, मुळासकट, जिवंत. हात कोपरापर्यंत जातो. मग खांद्यापर्यंत. खिशाला बुड नाही. बोटांना पाणी लागतं, गार.

मागं वळून बघतो तर अण्णा तराजूवर नाहीत.

तो आणखी आत वाकतो, डोकं घालतो, आणि पायाखाली पायरी लागते. विहिरीच्याच पायऱ्या या. काळ्या दगडाच्या, तिसरीला खाच असलेली. तो उतरायला लागतो. खिशातला फोन थरथरतो. बघतो तर नाव दिसतंय, मोटार. मोटारीचा फोन आलाय. आजवर यानं मोटारीला फोन केला, मोटारीनं याला कधी केला नव्हता. उचलायचा नाही, एवढं त्याला कळतं. का ते कळत नाही. तो फोन दाबून धरतो आणि उतरत राहतो, आणि फोन मुठीत मासळीसारखा तडफडत राहतो.

चौथ्या पायरीवर काकूचं स्वयंपाकघर आहे.

म्हणजे पायरी आहे तशीच आहे, ओली, पण तिथं चूल आहे आणि काकू पाठमोरी बसून भाकरी थापालीय. एकाच हातानं. भाकरी परातीत नीट गोल फिरतेय, एका हातानं. दुसऱ्या हाताची मूठ तिनं पदराखाली धरलीय.

"काकू, हाताला काय झालं?"

ती वळत नाही. भाकरी तव्यावर टाकते. धैर्या पुढं होऊन मूठ बघायला जातो, तर ती मूठ आणखी आत ओढते, लहान मुलानं गोळी लपवावी तशी. फोन तडफडतोय. हा म्हणतो, काकू, मला जरा अण्णांना भेटून यायचंय, लगेच येतो. ती मानेनं खाली दाखवते.

तो उतरतो. आता पायऱ्या मोजल्या तरी संपत नाहीत. बारा असायच्या, सतरा होतात, तीस होतात. वर बघतो तर आभाळाचा गोल तुकडा शेडनेटच्या जाळीनं झाकलाय. त्याला धाप लागते. त्याला वाटतं, आता हा फोन आपणहून उचलला जाईल, मोटार चालू होईल, आणि खाली कुणीतरी आहे, खाली कुणाचा तरी हात पाण्यात आहे. तो पळायला लागतो. पायऱ्यांवर पळता येत नाही पण तो पळतो.

खाली अण्णा गळ्यापर्यंत पाण्यात उभे आहेत. दोरीनं मोटार पायरीपर्यंत ओढून घेतलीय आणि तिच्या जाळीतलं शेवाळ बोटांनी काढतायत, सावकाश, काकूच्या केसातनं गुंता काढावा तसं. वर बघत पण नाहीत.

"अण्णा, हात काढा. हात काढा तिच्यावरनं."

"का?"

"फोन वाजतोय."

"वाजू दे की."

धैर्या शेवटच्या पायरीवर बसतो. पाणी पावलांना लागतं. आता मोटारीचा आवाज नाही. कसलाच आवाज नाही. विहिरीत फक्त त्याचा श्वास घुमतोय, आणि तो सुद्धा भिंतीला लागून उशिरा परत येतोय. तोंड उघडलं तर परत घरघर सुरू होईल, अशी भीती वाटते. तरी तो उघडतो.

"अण्णा, त्या दिवशी मी मिसकॉल मारला होता. मोटारीला. अकराला."

घरघर होत नाही. शब्द विहिरीत फिरून परत त्याच्याकडंच येतात, अकराला, अकराला.

अण्णा शेवाळाचा एक लांब तुकडा ओढून काढतात, उजेडाकडं धरून बघतात आणि बाजूला पायरीवर ठेवतात.

"ठाऊक हाय," ते म्हणतात.

"मग बोलला का नाही?"

"तू कुठं थांबतोस ऐकायला? म्हशीला पाणी दाखवायचं असतंय तुला."

धैर्याला रडू येतंय की राग येतोय, हे त्याला कळत नाही. तो म्हणतो, शर्टात नव्हता फ्यूज, मी बघितलं. अण्णा स्वतःच्या बनियनकडं बघतात, ओल्या छातीवर हात फिरवतात, डावीकडं, उजवीकडं, खिसा शोधावा तसं. मग त्यांचं त्यांनाच हसू येतं. असे हसतात की पाण्यावर लाटा उठतात आणि कासव बाहेर येतं.

"हात पुढं कर," ते म्हणतात.

तो करतो. अण्णांचे ओले हात त्याच्या हाताभोवती येतात. गार, शेवाळानं बुळबुळीत, आणि मधोमध काहीतरी कडक. चौकोनी. जड.

"धर नीट. आज तूच..."

पुढचं ऐकू येत नाही, कारण जांभळीवर साळुंक्यांनी गलका केलाय.

धैर्या डोळे उघडतो. ऊन पायावर आलंय. पाय हलायचा थांबलाय. तोंडाला कोरड, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याला वाटतं छातीवर फोन आहे, पण फोन तर बाजूला पोत्यावर पडलाय, मुका. छातीवर दुसरंच वजन आहे. डाव्या बाजूला. खिशात.

तो हात घालतो आणि फ्यूज बाहेर काढतो.

खरा. चिनी मातीचा, पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंना पितळी पात्या. त्याला पकडलेल्या बोटांवर शेवाळाचा हिरवा डाग उमटतो, म्हणजे फ्यूज ओल्या हातानं धरलेला होता. आत्ताच.

सांगताना धैर्या इथं थांबला होता. म्हणाला, दोस्तांनो, मी दोन मिनिटं हललो नाही. मला वाटलं मीच गेलो.

मग त्याला खालनं पाणी ढवळल्याचा आवाज येतो. तो धडपडत उठतो, खोलीत डोकावतो. पेटी उघडी, तिन्ही जागा रिकाम्या, दोन फ्यूज पेटीवर ठेवलेले, जुने, पिवळट पडलेले. तो काठावर जातो. खाली, पाण्यालगतच्या पायरीवर, पदर कंबरेला खोचून काकू बसलीय. मोटार दोरीनं ओढून घेतलीय आणि तिच्या जाळीतलं शेवाळ काढालीय.

तेवढ्यात खोलीतला दिवा लागतो. लाइट आली.

धैर्या ओरडतो, काकू, वर ये, लाइट आली. काकू मान वर करून त्याच्याकडं बघते, वेड लागलंय का याला, अशा नजरेनं, आणि हात पाण्यातच ठेवते.

"मग येऊ दे की. फ्यूज तुझ्या खिशात घातलाय मी."

"माझ्या खिशात कशाला?"

"मग कुणाच्या? लुगड्याला खिसा असतोय का? मुठीत धरून उतरले होते, एका हातानं शेवाळ निघेना म्हणून परत वर आले. एकदा वाटलं तुला उठवावं, पण घोरत होतास. म्हणून वरच्यावर घातला."

तर घोरत होता, हे लक्षात ठेवा.

धैर्या पायऱ्या उतरायला लागतो. बाराच आहेत. फ्यूज मुठीत आवळलेला. काकूपासनं दोन पायऱ्या वर थांबतो, आणि म्हणे जे पाच महिने म्हशीच्या गोठ्यात नेऊन लपवत होता ते एका दमात बाहेर पडलं. मिसकॉल. अकरा वाजता. अण्णांचा हात मोटारीवर होता. मी शर्ट बघितला, खिशात फ्यूज नव्हता. मी मारलं त्यांना, काकू.

काकूचे हात थांबतात. ती बराच वेळ पाण्याकडं बघते. धैर्या म्हणतो, तेवढ्या वेळात माझं वय झालं.

"शर्टात कसा असंल," ती म्हणते. "शर्ट काढून पाण्यात उतरले होते ते. अंगात बनियन. फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, धर नीट, आज तूच खिसा."

धैर्या खाली बसतो. ओल्या पायरीवर, तसाच.

"तू तिथं होतीस?"

"मग कोण होतं? तुला किती वेळा सांगायला बसले. तू ऐकशील तर."

मग ती सांगते आणि तो पहिल्यांदा उठून जात नाही. ती काठावर बसलेली, फ्यूज मुठीत घेऊन. अण्णा पाण्यात. तेवढ्यात खोलीतली पेटी टुंग वाजली, आतल्या छोट्या बॅटरीवर, मिसकॉल आल्यावर वाजते तशी. अण्णांनी ऐकलं आणि हसले. म्हणाले, बघ, धैर्यानं सांगलीतनं मोटार मारली, पोरगं पाण्याची वेळ चुकवत नाही, आणि म्हणूनच म्हणतो मूठ सोडू नकोस. शेवाळ काढून झालं. वर आले, पायरीवर बसले, म्हणाले छातीत काहीतरी धरलंय. एवढंच. मोटार चालू झालीच नव्हती. कशी होईल, मधला फ्यूज तिच्याकडं होता. दवाखान्यापर्यंत तिच्या मुठीत होता. ती मूठ उघडेना. नर्सनं एकेक बोट सोडवून उघडली.

"नंतर राजगोंडा वायरमननं मोटार चालू करून दिली, तेव्हा मधला फ्यूज नवा घातला, जुना मी दिलाच नाही," काकू म्हणते. "रोज बघतोस की पेटी. दोन पिवळे आणि मधलाच पांढरा का, कधी मनात आलं नाही?"

धैर्या मुठीतल्या पांढऱ्या फ्यूजकडं बघतो. पाच महिने रोज बघितलेला. काकू मोटार दोरीनं पाण्यात सोडते, हात धुते आणि उठताना त्याच्या डोक्यावर ओला हात टेकवून वर चढते, आधाराला म्हणून की आणखी कशाला, ते तिचं तिला ठाऊक.

वर येऊन तो तिन्ही फ्यूज जागेवर बसवतो. पेटी लावतो. सवयीनं बोट हिरव्या बटणाकडं जातं.

"बटण नको," काकू म्हणते. ती खोलीच्या बाहेर जाऊन उन्हात उभी राहते आणि दोन्ही पंजे उघडून त्याला दाखवते, रिकामे. "मी बाहेर आहे. मिसकॉल मार."

तो मारतो. एक रिंग. पेटी टुंग वाजते आणि जमिनीखालनं थरथर पायांना लागते, पाइपात पाणी चढतं, रस्त्यापलीकडं जातं. काकू त्या आवाजाकडं कान देऊन उभी राहते, घरात पाहुणा आल्यावर थांबतात तशी. धैर्याच्या तळहातावर फ्यूजच्या पात्यांचे दोन वळ उमटलेत. ते त्यानं आम्हाला संध्याकाळी पारावर दाखवले, तेव्हासुद्धा पुरते गेले नव्हते.

आणि एक सांगतो, हे मी स्वतः बघितलंय. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडच्या बायका रानात जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, ऊन लागू नये म्हणून. पद्माकाकूनं अण्णा गेल्यापासनं घातला नव्हता. कुणी बोललं तर म्हणायची, ऊन लागत नाही मला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घालून येताना ती रस्त्यावर भेटली, डोक्यावर टोपली, लुगड्यावर चौकटीचा शर्ट, खिशावर निळा डाग. मी विचारलं, काकू, कुठं निघालीस? म्हणाली, मिरचीला. शर्टाचा डावा खिसा खाली ओढलेला होता आणि आतनं पिवळट चिनी मातीची एक कड दिसत होती.